सुरतेचे छायाचित्र आणि मामांची डार्करूम

आमच्या शाळेच्या कार्यालयात एक समूह-छायाचित्र आहे. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस फुटली, त्या वेळचे. खुर्च्यांवर अजितसिंग, अरविंद घोष, लोकमान्य टिळक आणि सय्यद हैदर रझा. पुढे अमरावतीचे दादासाहेब खापर्डे व अश्विनीकुमार दत्त. मागे उभ्या असलेल्यांत नागपूरचे डॉ. मुंजे.

ते अधिवेशन मुळात नागपूरला व्हायचे होते. तिथे जहालांचा जोर, म्हणून ते सुरतेला हलवले गेले. तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये मांडव पडला. २६ डिसेंबरला गोंधळात सभा तहकूब झाली; २७ ला टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर गेले आणि एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. पुढे खुर्च्या आणि काठ्या. जोडा कोणासाठी होता, यावर दोन्ही पक्षांच्या लेखण्या झिजल्या. अशा वेळी कोण कोणाबरोबर बसले होते, हे सांगणारे छायाचित्र इतिहासाच्या शिक्षकाला मोलाचे वाटते.

आमची प्रत मूळ नव्हे. माझे मामा खानदेशातून सुरतेस गेले आणि उधन्यास त्यांनी छोटा स्टुडिओ काढला. कॉलेजच्या सुट्टीत मी तिथे मदतीला असे. एका जुन्या छापील चित्रावरून त्यांनी निगेटिव्ह घेतली आणि माझ्यासमोर मोठी प्रत काढली. लाल दिव्याच्या उजेडात आधी कागदाच्या पट्टीवर चाचणी. मग एन्लार्जरखाली पूर्ण कागद. चेहरे फार काळे पडू नयेत म्हणून मामा प्रकाशाच्या झोतात तळहात हलवीत राहत. डेव्हलपरच्या थाळीत कोऱ्या कागदावर आधी पगड्या उमटल्या, मग डोळे. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "थांब रे बाबा. हायपो नीट धुतला नाहीस, तर दहा वर्षांनी हा फोटो पिवळा पडून तुला शिव्या देईल."

धुतला होता, चित्र टिकले. पण शाळेच्या भिंतीला ओल आली आणि कोपऱ्यावर डाग पडले. मामा आता नाहीत. गेल्या वर्षी मी ती प्रत सुरतेतल्याच एका दुकानात दिली. अर्ध्या तासात नवी प्रत हाती आली. डाग नाहीत, सुरकुती नाही. "सर, एकदम नवा करून दिला," मुलगा म्हणाला.

घरी येऊन दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. मामांच्या प्रतीत मागच्या रांगेतला एक चेहरा अस्पष्ट आहे. नव्या प्रतीत तो लख्ख दिसत होता. नाक, मिशी, डोळ्यांतली चमकसुद्धा. पण जे मुळात नव्हते ते आले कुठून? संगणकाने हजारो चेहऱ्यांच्या अनुभवावरून एक चेहरा बसवून दिला होता. १९०७ च्या त्या बैठकीत एक माणूस नव्याने येऊन उभा राहिला होता!

मी जुन्याचा भाबडा कैवारी नाही. मामाही शिसपेन्सिलीने नवरीच्या गालावरची पुटकुळी घालवीत. स्टालिनशेजारचा येझोव्ह तर संगणकाच्या कितीतरी आधी चित्रातून नाहीसा केला गेला. आणि मिनीलॅबमधली डिजिटल प्रत पुष्कळदा लेझरच्या प्रकाशाने चांदीच्या क्षारांच्या कागदावरच उमटते, रसायनांतूनच बाहेर येते. चांगल्या पिगमेंट शाईची प्रतही दीर्घकाळ टिकते. फरक साक्षीदाराचा आहे. मामांनी प्रतीवर काहीही केले तरी निगेटिव्ह पाकिटात शिल्लक राही आणि खोटे पकडता येई. संगणकात मूळ चित्रावरच बदल जपून ठेवला, तर मागे साक्षीदार उरत नाही.

मी पुन्हा त्या दुकानात गेलो. काहीही न सुधारता, डागांसकट स्कॅन करून घेतले, मूळ फाइल वेगळी ठेवायला सांगितली. मुलाने ते काम मन लावून केले; पैसेही कमी घेतले.

आता भिंतीवर डागांसह छापलेली डिजिटल प्रत आहे, मामांची प्रत कपाटात. चौकटीच्या मागे मी लिहून ठेवले आहे: कशावरून काय उतरवले, केव्हा, आणि कोणता चेहरा ओळखू येत नाही. नववीच्या मुलांना मी आधी चौकटीची मागची बाजू दाखवतो.