काखेतले बूट

आजीच्या सासऱ्यांचे बूट वेशीपर्यंत काखेत असत. वेस ओलांडली की पायात. वरच्या वाडीसमोरून महारानं बूट वाजवत जायची सोय नव्हती, मग तो लढाईवरून आलेला का असेना. 1917 साली उभी केलेली 111 महार पलटण 1921 साली मोडली आणि ते दापोलीकडच्या आमच्या गावी परतले. दर दिवाळीला बुटांना खोबरेल चोळत. "कशाला वो मामंजी?" आजी विचारी. "हुकूम येल."

भरती मुळात थांबलीच का? आजीचं उत्तर तयार असे : "सायबाला गावची हवा लागली."

तेच उत्तर पुढे मला पुण्याच्या एका ग्रंथालयात तळटीपांसह मिळालं, एका अमेरिकी अभ्यासकाच्या लेखात. स्टीफन कोहेन, जन्म शिकागोचा, 1936चा. इलिनॉय विद्यापीठात तीन दशकं शिकवलं, मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यात काम केलं, नंतर ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेत. पाकिस्तानी लष्कर, अण्वस्त्रं, भारताची शस्त्रखरेदी : नाव झालं ते या विषयांवर. 2019मध्ये ते गेले. माझ्या लेखी मात्र त्यांचा 1969चा एक लेखच मोठा, 'द अनटचेबल सोल्जर'. (मथळा अजूनही टोचतो.) रणनीतीच्या अभ्यासकानं आधी विचारावं ते त्यांनी तिथं विचारलं : बंदूक कोणाच्या हाती द्यायची, हे ठरवतं कोण?

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार भरपूर होते. पुढे इंग्रजांच्या डोक्यात 'लढाऊ जातीं'चं खूळ शिरलं आणि 1890च्या दशकात महारांना दार बंद झालं. ज्यांच्या जिवावर पेशव्यांविरुद्ध कोरेगाव राखलं, ते एकाएकी लढाऊ उरले नाहीत! भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, 1910मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. 1917 साली दार किलकिलं झालं, 1921 साली पुन्हा लागलं. नीट उघडलं ते दुसऱ्या महायुद्धात. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. टोपीवरच्या तेव्हाच्या बिल्ल्यात कोरेगावच्या लढाईचा स्मारक-खांब.

हे सगळं छापील. पुढचं आजीचं.

आजोबा भरतीला निघाले तेव्हा सासऱ्यांनी बूट पुढं केले. आजोबांना ते दोन बोटं आखूड. "ऱ्हाऊ दे बाबा, सरकार देल नवं."

म्हातारा ओट्यावर बसला, बूट स्वतःच्या पायात चढवले, नाड्या आवळल्या आणि लेकाला हर्णैच्या बोटीपर्यंत पोचवायला निघाला. वरच्या वाडीवरून.