खानदेशचीं मुलें आणि समुद्रकांठचा आठवडा

बोदवडच्या माळावर पडणारा पाऊस ओढ्यानाल्यांनीं तापीच्या खोऱ्यांत उतरतो, आणि तापी आपला सुमारें ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवून सुरतेखालीं डुमसजवळ समुद्रास मिळते. पाण्याला समुद्राची वाट अशी जन्मापासून ठाऊक आहे. बोदवडच्या माणसाला ती सांपडण्यास मात्र फार काळ लागला. उन्हाळ्यांत घागरभर पाण्यासाठीं ज्या मुलुखानें वर्षानुवर्षें वणवण केली, तेथील मुलांना समुद्राची ओढ वाटावी यांत नवल नाहीं. नवल आहे तें हें कीं, निरनिराळ्या वयांचीं मुलें बरोबर घेऊन सात दिवस समुद्रकांठीं नुसतें राहण्यास जावें, ही कल्पना खानदेशांतील कुटुंबांत अगदीं अलीकडची आहे.

पूर्वीं अंतर हेंच मोठें कारण होतें. १६१५ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून निघून नंदुरबारमार्गें बऱ्हाणपुरास पोंचला, त्यास सुमारें पंधरवडा लागला. त्याच्यापाशीं गाड्या होत्या, माणसें होतीं आणि राजकारणाचें निमित्त होतें. सामान्य गृहस्थाचा जाण्यायेण्यांतच महिना खर्ची पडणार. तेथें सात दिवसांच्या सहलीची भाषा कोण बोलणार? पुढें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें १८६५ सालीं थळ घाटाची चढण पुरी केली, आणि १८६७ सालीं भुसावळहून निघालेली तिची शाखा नागपुरास भिडली. ही शाखा बोदवडवरून जाते. सुमारें पावणेपांचशे किलोमीटरांवरची मुंबई दिवसरात्रीच्या आटोक्यांत आली. परंतु गाडी आली म्हणून माणसें समुद्रावर गेलीं असें झालें नाहीं. गाडीनें प्रथम कापूस गेला. खानदेशच्या रुईच्या गांठी मुंबई बंदरांतून परदेशीं रवाना झाल्या. ती पिकविणाऱ्याच्या मुलांनीं बंदर पाहिलें नाहीं.

समुद्राविषयींची भावनाहि आड येत असे. द्वारकेस किंवा रामेश्वरास गेलेलीं वडील माणसें तेवढीं समुद्र पाहून येत आणि गावांत त्याचें वर्णन करीत. समुद्र हा वंद्य खरा, पण पर्वकाळावांचून त्यास स्पर्श करूं नये, असा धर्मशास्त्राचा संकेत होता. अमावास्या-पौर्णिमेस स्नान, एरवीं दुरून नमस्कार. अशा यात्रेंत मुलांना स्थान नव्हतें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे: ज्या तिथींस समुद्रस्नान पुण्यप्रद मानिलें, त्याच तिथींच्या आसपास समुद्रास उधाण असतें.

समुद्रकांठीं मुलांसह राहण्याची चाल विलायतेंतून आली. १७५० सालीं डॉक्टर रिचर्ड रसेल यानें समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर ग्रंथ लिहिला आणि ब्रायटनचा किनारा श्रीमंत रोग्यांनीं गजबजला. १८४१ मध्यें लंडनहून तेथें आगगाडी गेली, तेव्हां रोग्यांची जागा कारकुनांनीं आणि कारागिरांनीं घेतली. मात्र तेथेंहि मजुराला पगारी आठवडा मिळण्यासाठीं १९३८ चा कायदा व्हावा लागला. हिंदुस्थानांत तर आठवड्याची एक सुट्टीसुद्धां मागून घ्यावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळें १८९० च्या जून महिन्यांत मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवार मिळाला, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यानें पगारी रजेचा हक्क पक्का केला. खानदेशांत या हक्काचा पहिला उपभोग घेणाऱ्यांत भुसावळचे रेल्वेनोकर होते. त्यांना रजा होती आणि कुटुंबासह प्रवासाचा मोफत पास होता. बोदवडच्या शेतकऱ्याजवळ या दोहोंपैकीं कांहींच नव्हतें. त्याची रजा पिकाच्या हातीं.

आणि पीक रजा देतें तें केव्हां? दिवाळींत शाळा सुटतात, तेव्हां शेतांत कापूस फुटलेला असतो. वेंचणी, जिनिंग, रब्बीचा हंगाम असें करीत चैत्र येतो. चैत्रानंतर आखाजी. अक्षय्य तृतीयेचा हा सण खानदेशांत दिवाळीच्या तोडीचा मानतात. सासुरवाशिणी माहेरीं येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नांवानें घागर भरली जाते, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. सालदाराचें जुनें साल याच दिवशीं संपतें व नवा करार ठरतो. म्हणून आखाजीच्या आधीं घर सोडून समुद्रावर निघालेला खानदेशी कुटुंबप्रमुख विरळाच, आणि निघालाच तर घरांतल्या स्त्रिया त्याला क्षमा करणार नाहींत. दुसऱ्या बाजूस जूनच्या पहिल्या आठवड्यांत मृग लागतो. त्याआधीं वखरणी, बियाणें, खतें यांची धांवपळ. पावसाळी वारें सुटण्याच्या सुमारास, मेअखेर, मुंबई-मांडव्यासारखीं प्रवासी जलवाहतूकहि बंद पडते. अशा रीतीनें आखाजी आणि मेअखेर यांच्यामधील अरुंद फटींत हा आठवडा बसवावा लागतो. मामाच्या गांवाला जाण्याचे दिवसहि तेच असल्यामुळें मुलांपुरता प्रश्न बहुधा मामाच्या बाजूनेंच सुटत आला.

वाटेची गोष्ट निराळी. मुंबईहून कोंकणांत जावयाचें तर आगबोट हें एकेकाळीं मुख्य साधन होतें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्यानंतर आगबोटींचे दिवसहि मावळत गेले. २६ जानेवारी १९९८ पासून कोंकण रेल्वे सलग सुरू झाली. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारींसह नेणारी बोट जाऊं लागली, आणि जानेवारी २०२४ मध्यें शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु खुला झाला. आतां बोदवडहून रात्रीं निघालेलें कुटुंब दुसऱ्या दिवशीं दुपारीं अलिबागच्या वाळूंत पाय ठेवूं शकतें. टॉमस रोचा पंधरवडा असा अर्ध्या-पाऊण दिवसांत मावला. परंतु वाट जशी सोपी झाली तसें समुद्राचें शहाणपण वाढलें, असें मात्र नाहीं.

हें शहाणपण कोंकणांतील कोळ्यांजवळ फार जुन्या काळापासून आहे आणि तें समजण्यास फक्त पंचांग लागतें. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे त्या दिवशीं पूर्ण भरती किती वाजतां, तें अदमासानें निघतें. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ. शुक्लपक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. तीच वेळ सकाळीं आणि तीच संध्याकाळीं. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटींतलें अंतर कमी असतें, त्यास भांग म्हणतात, अमावास्या-पौर्णिमेस उधाण. ज्या घरांत एकादशी-चतुर्थी पाळली जाते आणि भिंतीवर कालनिर्णय टांगलेलें असतें, त्या घराला हा हिशेब अवघड नाहीं. फक्त तो उपासाखेरीज दुसऱ्या कामीं लावण्याची संवय नसते.

आतां हा हिशेब आखाजीस लावून पाहावा. आखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया. लेकी सासरीं रवाना करण्यांत चार-पांच दिवस जातात, आणि वैशाख शुद्ध नवमी येते. नवमी ते पौर्णिमा, सातच दिवस. नवमीस पूर्ण ओहोटी दुपारीं पाऊण वाजतां, भरती संध्याकाळीं पावणेसातला. एकादशीस सव्वादोन आणि सव्वाआठ. त्रयोदशीस पावणेचार आणि पावणेदहा. म्हणजे या आठवड्याच्या बहुतेक संध्याकाळीं, ऊन उतरल्यावर मुलें पाण्याशीं जातील तेव्हां, पाणी चढतें असतें. चढतें पाणी माणसाला कांठाकडे लोटतें, उतरतें पाणी आंत ओढतें. सकाळचें पाणी बहुधा उतरतें. तेव्हां शिंपले वेंचावेत, वाळूचे किल्ले करावेत, पाण्यांत शिरूं नये. शेवटचे दोन दिवस उधाणाचे, म्हणून संध्याकाळचें स्नानहि बंद. पण पौर्णिमेची पहांट मुलांना खऱ्या किल्ल्याची द्यावी: सव्वापांचच्या सुमारास पूर्ण ओहोटी झालेली असते आणि शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं बांधावयास घेतलेल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत उजाडतां उजाडतां पायीं जातां येतें. परत फिरण्याची वेळ मात्र तेथील माणसांस विचारून ठरवावी. पाऊणपटीचा हिशेब अदमासाचा आहे, आणि समुद्र थांबत नाहीं.

मुलांच्या वयांचा प्रश्न प्रथम उभा राहतो तो तिकिटाच्या खिडकीपाशीं. पांच वर्षांखालील मूल गाडींत मोफत. पांच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र जागा हवी असेल तर एप्रिल २०१६ पासून पुरें भाडें पडतें. या खिडकीपाशीं खानदेशांतील कित्येक मुलें पूर्वीं वर्षें-दोन वर्षें लहान होत आलीं आहेत. समुद्र असें वय कमी करून घेत नाहीं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला लाटेपेक्षां उन्हाचें आणि तहानेचें भय अधिक. त्याचा दिवस सकाळीं नऊ वाजतां संपावा आणि पांचनंतर पुन्हां सुरू व्हावा. सात ते बारा वर्षांचीं मुलें सर्वांत सोपीं. तिथीचा हिशेब त्यांच्याकडेच सोंपवावा, म्हणजे तीं इतरांवर पहारा करतात.

खरी काळजी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची. तीं पोहणारीं असतात. खानदेशचा मुलगा पोहतो तो विहिरींत, कमरेला भोपळा बांधून शिकलेला. विहिरीचें पाणी उभें असतें; तें कोणाला ओढीत नाहीं, आणि चारी बाजूंस धरावयास दगड असतो. हा विश्वास घेऊन तो समुद्रांत शिरतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्याहून मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकीं डझनाहून अधिक बुडाले. त्यांचें वय याहून थोडेंसेंच अधिक होतें. मोठ्या मुलास छातीपर्यंतच्या पाण्यापुढें जाऊं न देणें हा अपमान नव्हे, हें त्याला बोदवडलाच सांगून ठेवावें लागतें. लाटेसमोर सांगितलेलें त्याच्या कानांत शिरत नाहीं.

आणखी एक मूल हिशेबांतून सुटतें: बारा-तेरा वर्षांची थोरली मुलगी. धाकट्याला कडेवर घेऊन ती सातहि दिवस वाळूंत उभी राहते. घरीं जें काम, तेंच समुद्रावर. आजी बरोबर असेल तर धाकट्याची सोय होते, परंतु आजीलाहि समुद्र पाहावयाचा असतो, आणि तिला तर पर्वणीची पौर्णिमा हवी असते. म्हणून प्रत्येक मोठ्या माणसानें एकेक संध्याकाळ धाकट्यास घ्यावी हें निघण्यापूर्वींच ठरलेलें बरें. शिदोरीची चिंता त्यामानानें हलकी: दशम्या, लसणाची चटणी, शेव एवढें बरोबर असलें, म्हणजे मासळी न खाणाऱ्या घरांतलीं मुलेंहि दोन दिवस तक्रार करीत नाहींत, पुढें भाताची संवय होते.

राहिली गाडीची जागा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधीं खुलें होतें. त्यापूर्वीं ही मुदत एकशेंवीस दिवसांची होती. साठ दिवस म्हणजे चांद्रमानानें जवळजवळ दोन महिने. वैशाख शुद्ध अष्टमीच्या रात्रीं बोदवडहून निघावयाचें तर फाल्गुन शुद्ध अष्टमीच्या आसपास, होळीच्या आधींच्या आठवड्यांत, खिडकीशीं उभें राहावें लागतें. ज्या वर्षीं वैशाखापूर्वीं अधिक महिना पडेल, त्या वर्षीं तें एका महिन्यानें पुढें जातें.