शिधापत्रिका, पालक आणि तृतीयपंथी अल्पवयीन

पूर्वीच्या पश्चिम खानदेशातील धुळे जिल्ह्यात राजीव गांधी जीवनदायी योजनेचा शासकीय आरोग्यविमा २ जुलै २०१२ रोजी आला. जळगावास तो नोव्हेंबर २०१३ मध्ये लाभला. या योजनेचा घटक व्यक्ती नसून शिधापत्रिकाधारक कुटुंब हा होता. साहजिकच घर सुटलेल्या तृतीयपंथीयास तिच्या कक्षेत येणे दुष्कर होते.

२०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाने ही चौकट बदलली. कलम १५ अन्वये लिंगबदल शस्त्रक्रिया व संप्रेरक उपचार यांच्या खर्चासाठी विम्याची तरतूद करणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय करारान्वये ओळख-प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीस वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण देण्याचे ठरले. मात्र कलम १५ ने वयाचा उल्लेख केला नाही, आणि कलम ५ ने अल्पवयीनाच्या प्रमाणपत्राचा अर्ज पालकावर सोपविला. प्रौढास कुटुंबावाचून खुले झालेले दार अल्पवयीनास पालकाच्या सहीनेच उघडावयाचे होते. काही उपचार अपरिवर्तनीय असल्याने पालकाच्या संमतीस अर्थ आहे; परंतु पालकच विन्मुख झाल्यास काय, हा प्रश्न अधिनियमाने अनुत्तरित ठेवला.

उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने नोंदणीकृत हिजड्याच्या घरी सोळा वर्षांखालील मुलगा ठेवणे दंडनीय ठरविले होते. त्या कायद्यास मूल दिसले ते केवळ संरक्षणीय म्हणून. २०१९ च्या कायद्यात ते हक्कदार म्हणून आले, पण पालकाचे बोट धरूनच.