नऊ शतांश सेकंद

मारियाना पाहोनचा जन्म 10 ऑक्टोबर 1991 चा, कोलंबियातल्या मेडेलिन शहरातला. आपण तेव्हा पाचवीत होतो. ते शहर त्या काळी बातम्यांत यायचं ते पाब्लो एस्कोबार आणि खूनखराबा यांच्यासाठीच. मोठ्या भावामागोमाग मारियाना चिमुकल्या वयात बीएमएक्सच्या ट्रॅकवर आली. मुलींची संख्या पुरेशी नसायची, म्हणून ती मुलांबरोबरच शर्यतीत उतरायची. नवव्या वर्षी तिने आपल्या वयोगटातलं पहिलं जगज्जेतेपद मिळवलं.

बीएमएक्स म्हणजे वीस इंची चाकांची, एकाच गिअरची सायकल. 1970 च्या सुमारास कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसच्या मोटरसायकलवाल्यांची नक्कल करत मातीच्या उंचवट्यांवरून साध्या सायकली उडवू लागली, त्यातून हा खेळ जन्मला. (दुपारी तासाच्या भाड्याने सायकल आणून आपल्या वर्गाने मैदानामागच्या ढिगाऱ्यावर जे केलं, ते वेगळं काय होतं? पीटीच्या सरांनी ते क्रीडाप्रकारात धरलं नाही, एवढंच.) ऑलिंपिकमध्ये हा खेळ यायला मात्र 2008 साल उजाडलं.

शर्यत पाऊण मिनिटाच्या आत संपते. आठ मीटर उंच उतारावर आठ जणी पुढचं चाक गेटला टेकवून, दोन्ही पाय पायडलवर ठेवून तोल सांभाळत उभ्या राहतात. ध्वनिमुद्रित सूचना होते आणि गेट पडतं. सूचनेनंतर ते नेमकं किती वेळाने पडेल, हे यंत्र दरवेळी वेगळं ठरवतं, म्हणजे कुणाला अंदाज बांधता येऊ नये. आमच्या धंद्यात याला रँडम डिले म्हणतात. पहिल्या वळणापर्यंत जी पुढे, तिला गाठणं कठीण. पाहोनचं बळ होतं ते याच पहिल्या काही सेकंदांत.

2012 साली लंडनमध्ये तिने कोलंबियाचा ध्वज हाती घेऊन संचलन केलं आणि 37.706 सेकंदांत सुवर्ण जिंकलं. सिडनीत 2000 साली वेटलिफ्टर मारिया इसाबेल उरुतियाने मिळवलेल्या सुवर्णानंतर त्या देशाचं हे दुसरंच. 2016 मध्ये जागतिक स्पर्धा मेडेलिनलाच झाली, तीही तिच्याच नावाच्या ट्रॅकवर. ती तिने जिंकली आणि त्याच वर्षी रिओत पुन्हा ऑलिंपिक सुवर्ण. दोन ऑलिंपिक सुवर्णं असलेली ती पहिली कोलंबियन खेळाडू.

चरित्रकार बहुधा इथे थांबतील. मला पुढचा भाग अधिक मोठा वाटतो.

2018 साली नेदरलँड्समधल्या पापेनडालला ती पडली आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. शस्त्रक्रिया झाली, हंगाम गेला. ज्या खेळात उडी मारून त्याच गुडघ्यावर उतरायचं असतं, तिथे पुन्हा भरवसा कमवायला किती महिने लागत असतील! आपल्यातल्या ज्यांनी चाळिशीत गुडघ्याचा एमआरआय काढलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

टोकियोच्या अंतिम फेरीत, जुलै 2021 मध्ये, ती 29 वर्षांची होती. शेजारी 22 वर्षांची बेथनी श्रीव्हर. रिओनंतर ब्रिटनने बीएमएक्समधल्या फक्त पुरुषांना निधी द्यायचं ठरवलं होतं. श्रीव्हरने शाळेत शिक्षिकेची मदतनीस म्हणून काम केलं आणि लोकवर्गणीतून सुमारे 50 हजार पौंड उभे केले. सुरुवातीपासून श्रीव्हर पुढे होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात पाहोन इंचाइंचाने जवळ येत गेली. श्रीव्हर 44.358, पाहोन 44.448. फरक नऊ शतांश सेकंदाचा. ताशी 40 किलोमीटर वेग धरला, तर अंतर होतं एक मीटर.

तिसरं ऑलिंपिक, तिसरं पदक, या वेळी रौप्य. ट्रॅक प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, म्हणून लंडनची वेळ टोकियोशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तरी मला विचाराल, तर तिची सर्वोत्तम शर्यत हीच.

2024 ला पॅरिसमध्येही ती उतरली, वयाच्या 32 व्या वर्षी. पदक आलं नाही. श्रीव्हर गळपट्टीचं हाड मोडून काही महिनेच झाले असताना तिथे आली होती. अंतिम फेरीपर्यंतच्या सगळ्या शर्यती तिने जिंकल्या आणि अंतिम फेरीत ती आठवी आली.