‘डकॉइट’: पळस्पे फाट्यावरचा इंग्रजी शब्द

१/७
मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर पुण्याच्या रस्त्यापासून वेगळा होतो. मे १८७९ मध्ये याच पळस्प्यावर आणि चिखलीवर छापे पडले. इंग्रज सरकारच्या लेखी ती ‘डकॉइटी’ होती. हा शब्द इंग्रजीत आला कुठून?

२/७
आला तो इथूनच. हिंदीत ‘डाका’ म्हणजे टोळीने घातलेला दरोडा. डाका घालणारा तो ‘डकैत’. कंपनी सरकारच्या कारभारातून हा शब्द इंग्रजीत शिरला आणि ‘डकॉइट’ झाला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशातही त्याची नोंद आहे.

३/७
इंग्रजीत ‘रॉबरी’ होतीच. मग उसना शब्द कशाला? १८६० च्या भारतीय दंड संहितेने ३९१ व्या कलमात त्याला स्वतंत्र अर्थ दिला. चौघांनी मिळून केली तर जबरी चोरी. पाच किंवा अधिक जणांनी केली तर ‘डकॉइटी’, म्हणजे मराठीत दरोडा.

४/७
ही व्याख्या माणसे मोजते, हेतू विचारत नाही. पनवेलजवळच्या शिरढोण येथे १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके याच व्याख्येत सापडले. १८७६-७८ च्या दुष्काळाने व्यथित होऊन त्यांनी पुण्यातील सरकारी नोकरी सोडली, रामोशी व इतर साथीदार जमवले आणि बंडाच्या खर्चासाठी सावकारांवर छापे घातले.

५/७
पळस्प्याच्या छाप्याचे नेतृत्व त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांचे होते. लूट घेऊन घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारले गेले. जुलैमध्ये फडकेही पकडले गेले.

६/७
पुण्याच्या खटल्यात मात्र सरकारला ‘डकॉइटी’ पुरली नाही. राणीविरुद्ध युद्धाची तयारी आणि सरकारविषयी अप्रीती पसरवणे, हेही आरोप ठेवावे लागले. हा निव्वळ दरोडेखोर नव्हे, याची ती सरकारी कबुलीच होती. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी वकीलपत्र घेतले. तरीही जन्मठेप झाली. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात फडके यांचे निधन झाले.

७/७
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही (कलम ३१०) पाचाचा हिशेब कायम आहे. ज्यांची घरे लुटली गेली, त्यांच्यासाठी तो दरोडाच होता. शिरढोणसाठी फडके आद्य क्रांतिकारक आहेत. म्हणून जुन्या कागदात ‘डकॉइट’ दिसला की आधी पाहावे, तो शब्द लिहिणारा हात कोणाचा आहे.