डहाणूचा इतिहास डहाणूला सांगा

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे. त्यात त्याने आपला दानधर्म नोंदवलाय. लोकांना फुकट पार जाता यावं म्हणून त्याने ज्या नद्यांवर नावा ठेवल्या, त्यांत ‘दाहनुका’ आहे. ती डहाणूची नदी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे हे नाव सुमारे 1900 वर्षं टिकलंय.

आता याच तालुक्यातल्या चिंचणीचे ताम्रपट घ्या. त्यांतला एक शके 848चा, म्हणजे इ.स. 926चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाण मंडलाचा कारभार मुहम्मद नावाचा ताजिक अधिकारी पाहत होता. ताम्रपटात त्याला ‘मधुमती’ म्हटलंय. त्यानेही फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातलं, आणि देवीच्या मठाला जमीन दिली! हे संजाण तलासरीच्या पलीकडे, आज गुजरातेत आहे.

हे सगळं छापून आलेलं आहे, पण बरंचसं इंग्रजी खंडांत. इथल्या मुलांना मोहेंजोदडो पाठ असतं, चिंचणी माहीत नसते. यात नुकसान काय? ताम्रपट म्हणजे शेवटी तांबंच. नांगराला लागलेला पत्रा ज्याला ओळखता येत नाही, तो भंगारात घालणार. दोष त्याचा नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही. म्हणून संशोधकांनी इथल्या शाळांत, ग्रामसभांत, मराठीत आणि वारलीत बोललं पाहिजे.

आणि तुम्हाला असा पत्रा सापडला, तर घासू नका, विकू नका. जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.