वाचनालयातील गोळीबार आणि शस्त्रबंदीची दोन रूपे

१/ महाविद्यालयाच्या आवारात शस्त्र बाळगू नये, हा नियम आज इतका स्वाभाविक वाटतो की त्यालाही इतिहास असेल असे मनात येत नाही. तो इतिहास मिरज, पुणे आणि सातारा या गावांतून जातो. नियम जवळजवळ तोच राहिला, पण त्यामागचे कारण पूर्णपणे बदलले. या धाग्यात त्याविषयी.

२/ प्रारंभ १८७८ चा. व्हाइसरॉय लिटन याच्या काळात भारतीय शस्त्र अधिनियम संमत झाला. परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. युरोपीयांना मात्र नियमांद्वारे सूट होती. १८५७ ची धास्ती घेतलेल्या सत्तेने प्रजेवरचा अविश्वास कायद्याच्या भाषेत लिहून ठेवला.

३/ पहिल्या महायुद्धानंतर एक विलक्षण विसंगती उभी राहिली. १९२० च्या प्रादेशिक सेना कायद्यान्वये विद्यापीठांत 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर' आले. सरकारी गणवेशातील विद्यार्थ्याच्या हाती रायफल दिली जाई. तोच विद्यार्थी गणवेश उतरवून घरी गेला की सरकारच्या लेखी संशयित ठरे.

४/ या कायद्याविरुद्धचा रोष राष्ट्रीय चळवळीत खोल रुजला होता. मार्च १९३१ मध्ये कराची येथे काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क त्यात नोंदवलेला आहे. अहिंसेचे व्रत घेतलेल्या संघटनेचा हा ठराव आहे, हे विसरू नये.

५/ चारच महिन्यांनी, २२ जुलै १९३१ रोजी, मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला भेट देण्यास आले. प्राचार्य होते रँग्लर ग. स. महाजनी, मूळचे साताऱ्याचे. वाडिया वाचनालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. गोगटे यांचा जन्म मिरजेचा.

६/ कारण सोलापूरचे होते. मे १९३० मध्ये तेथे लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. गोगटे यांनी त्या दडपशाहीचा जाब हॉटसन यांच्याकडे मागितला.

७/ हॉटसन बचावले. गोगटे यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली, पण मुदत संपण्यापूर्वीच त्यांची सुटका झाली. पुढे ते विधान परिषदेचे सदस्य झाले. एके काळी पिस्तूल उचललेला विद्यार्थी आता कायदे करणाऱ्या सभागृहात बसला. या धाग्याचे मर्म या प्रवासातच आहे.

८/ स्वातंत्र्यानंतर प्रश्न पुन्हा उभा राहिला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. ती स्वीकारली गेली नाही. उलट एकत्र जमण्याचा जो हक्क मिळाला, तो 'शांततेने व विनाशस्त्र' जमण्याचा. शस्त्रबंदी टिकली, पण आता ती ठरवणारे आपलेच प्रतिनिधी होते.

९/ १९५९ मध्ये नवा शस्त्र अधिनियम आला. आज त्यानुसार परवान्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. म्हणजे पदवीच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना परवाना मिळणेच शक्य नाही. मात्र कर्तव्यावरील एनसीसी छात्राला कायद्यात स्पष्ट सूट आहे. जुन्या ट्रेनिंग कोअरची जागा १९४८ च्या कायद्याने एनसीसीने घेतली. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली, तीही साताऱ्यातच.

१०/ याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ आहे. त्याखाली सातारा आणि सांगलीचे जिल्हाधिकारी सणउत्सव, निवडणुका किंवा तणावाच्या काळात मनाई आदेश काढतात. तलवारी, भाले, सुरे, लाठ्या घेऊन फिरण्यास तेव्हा बंदी असते. महाविद्यालयाचे फाटक या आदेशाच्या बाहेर नाही.

११/ तलवारीने केक कापून चित्रफीत टाकणाऱ्या तरुणांवर गुन्हे नोंदवले जातात, तेव्हा काहींना तो परंपरेचा अपमान वाटतो. पण १८७८ चा कायदा परक्या राज्याने प्रजेच्या भीतीपोटी केला होता. आजचा कायदा वर्गातील दुबळ्यातल्या दुबळ्या विद्यार्थ्यालाही निर्भयपणे बोलता यावे यासाठी आहे. तो अन्यायकारक वाटला, तर बदलण्याचा मार्गही खुला आहे. गोगटे यांच्यापुढे १९३१ मध्ये तो मार्ग नव्हता.